चेकिंग चार्ज शंभर रुपये

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कम्प्युटर बाजारातल्या एका दुकानाने माझ्याकडून शंभर रुपये 'चेकिंग चार्ज' घेतला. चेकिंग म्हणजे काय, तर काउंटरवरच्या पोराने मदरबोर्ड हातात घेतला, उलटा केला, नाकापर्यंत नेला आणि निदान सांगितलं, "बहोत पुराना है, सर." वास घेऊन वय सांगायचे शंभर रुपये मिळत असतील तर पुरातत्त्व खात्याने लगेच इथे गाळा घ्यावा.

बोर्ड मेलाय हे मला ठाऊकच होतं. प्रोसेसर मात्र ठणठणीत. इंटेलचा आय-फाइव्ह २५००के, जानेवारी २०११मध्ये बाजारात आलेला. कागदावर ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोवर, म्हणजे गरज पडली की आपणहून वाढून, ३.७. पण नावातल्या त्या शेवटच्या 'के'मुळे याचा मल्टिप्लायर, म्हणजे मूळ ठोक्याला (बेस क्लॉकला) गुणायचा आकडा, खुला आहे, हवा तसा वाढवता येतो. १०० मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक गुणिले ४५, झाले साडेचार गिगाहर्ट्झ. अट एकच, बोर्डाचा चिपसेट, म्हणजे त्यावरची कारभारी चिप, पी६७, झेड६८, झेड७५ किंवा झेड७७ हवी. एच६१चं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तेच, एलजीए ११५५. त्यामुळे त्यावर हाच प्रोसेसर बसतो, चालतो आणि जन्मभर ३.७च्या पुढे पाऊल टाकत नाही. मी झेड७७ मागितला. पोराने एच६१ आणला. "सॉकेट सेम है सर, चल जाएगा."

या 'चल जाएगा'वर तो अख्खा रस्ता उभा आहे.

इथे शेजारच्या स्टुलावरचे काका उठले. प्रिंटरचं कार्ट्रिज वर्तमानपत्रात गुंडाळून रीफिलला आले होते आणि बराच वेळ आमचं ऐकत होते.

"कितीला घेतला होता?"

"सेकंडहँड घेतलाय, काका."

"म्हणजे आधी कुणीतरी टाकलेला. आणि आता याला पळवणार?"

"हो."

"कशाला?"

"व्हिडिओ एन्कोडिंग लवकर होतं. गेम जरा बरे चालतात."

"ईमेल?"

"ईमेलला नाही फरक पडत."

"मग हो!" काकांनी आजूबाजूला बघितलं. निकाल लागला होता, फक्त टाळ्या यायच्या बाकी होत्या.

तेवढ्यात पोराने प्रोसेसर थंड ठेवणारा टॉवर कूलर आणला. खोक्यावर एकच सॉकेट छापलेलं, एलजीए १७००. त्या सॉकेटच्या कूलरची भोकं एकमेकांपासून ७८ मिलिमीटरवर असतात आणि माझ्या ११५५ची ७५वर, हे मी पोराला सांगितलं. उत्तर काकांनी दिलं.

"तीन मिलिमीटर? अहो, आमच्या बाथरूमचं दार पावसाळ्यात याहून जास्त फुगतं. कानस मारा."

"कशाला मारू? बोर्डाला?"

"बोर्डाला कशी माराल? शिकलेले दिसता. क्लिपला मारा."

पोराचा चेहरा उजळला. "हां सर, अंकल बराबर बोल रहे हैं. अपने पास ड्रिल भी है."

ड्रिल! मदरबोर्ड म्हणजे तांब्याच्या बारीक रेषांचे थरावर थर असतात. त्या भोकांच्या अंगाला लागूनच मेमरीच्या आणि वीजपुरवठ्याच्या वाटा जातात. तिथे ड्रिल फिरवलं की कूलर बसेल, पण थंड करायला खाली काही उरणार नाही. वास्तविक उपाय साधा आहे. खोक्यावर '११५एक्स / १२००' असं छापलेला कूलर घ्यायचा. ११५६पासून १२००पर्यंत सगळ्यांना तेच ७५ मिलिमीटर लागतात. आणि उंची बघायची. १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच भरतात, अरुंद कॅबिनेटचं झाकण त्यावर लागत नाही. हे मी समजावत असताना काकांनी प्लॅस्टिकच्या डबीतून माझा प्रोसेसर बाहेर काढला होता.

"सोन्याचं आहे का हो हे?"

खालच्या बाजूच्या ११५५ सोनेरी ठिपक्यांवर काकांचा अंगठा टेकलेला. अंगठ्याला कार्ट्रिजची शाई. ठशाच्या रेषा मोजता येतील इतका स्वच्छ, गुलाबी, आधार केंद्रातसुद्धा एवढा चांगला उमटत नाही. मी डबी ओढून घेतली.

"निघते ती," काका म्हणाले. "पाण्याची शाई आहे."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर त्याच रंगाचा जुना, धुऊन धुऊन पसरलेला डाग होता.

(९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंट न सोडणारं कापड, एकाच दिशेने पुसायचं, पूर्ण वाळल्याशिवाय सॉकेटमध्ये ठेवायचं नाही. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. काकांना बिल पाठवायची सोय नाही.)

पण खरा राग काकांवर नाहीच. ही सॉकेटची भानगड केली कुणी? इंटेलने. २००९ला ११५६, २०११ला ११५५, २०१३ला ११५०, २०१५ला ११५१. एखादी पिन इकडची तिकडे, की घ्या नवा बोर्ड. २०१७ला तर कमाल झाली. पुन्हा ११५१च, तेवढ्याच पिना, तसाच आकार, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालणार नाही. तिकडे इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने एएम४ हे एकच सॉकेट वर्षानुवर्षं चालवून दाखवलं. त्यामुळे 'सॉकेट सेम है' म्हणणाऱ्या पोराला मी पूर्ण दोष देऊ शकत नाही. थोडा देतो.

झेड७७ शेवटी दुसऱ्या गाळ्यात मिळाला, जुना. जुना घेताना टॉर्च मारून सॉकेटमधल्या पिना तिरक्या बघायच्या. सगळ्या एका ओळीत चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. प्रोसेसरजवळ ८ पिनांचा वीज कनेक्टर आणि व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरची वीज सांभाळणाऱ्या भागावर, हीटसिंक हवाच. मेमरी १.५ व्होल्टची डीडीआर३. 'ओन्ली फॉर एएमडी' लिहिलेली स्वस्त पट्टी इंटेलच्या बोर्डावर बूट होत नाही, आणि दुकानदार ते लेबल नेमकं अंगठ्याखाली धरतो. अंगठ्यांनी माझा छळ मांडला आहे.

पुढचं काम शांतपणे करायचं. बेस क्लॉकला हात लावायचा नाही. या पिढीत पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा (कार्ड आणि हार्डडिस्क जोडायच्या वाटा) त्याच क्लॉकवर बांधलेल्या आहेत, १०५च्या पुढे गेलात की आधी हार्डडिस्क रुसते. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर ४२, व्होल्टेज १.२५ला फिक्स, मग प्रोसेसरला घाम फोडणाऱ्या प्राइम९५ या प्रोग्रामची स्मॉल एफएफटी चाचणी आणि बाजूला तापमान. टिकलं तर एकेक पायरी वर. ४५ला बहुतेक नग १.३० ते १.३५ व्होल्ट मागतात. निळा पडदा आणि ०एक्स१२४ हा एरर कोड आला की बहुधा व्होल्टेज कमी पडतंय, ०.०१ने वाढवा. लोड आल्यावर व्होल्टेज खाली घसरत असेल तर लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर ठेवा, टोकाच्या नको. १.४च्या पलीकडे रोजच्या वापरासाठी जाऊ नये. बोर्ड उठेनासा झाला तर पॉवरची वायर काढून क्लिअर सीमॉसचा जंपर लावून सेटिंग मूळपदावर आणायचं.

उष्णता मात्र व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. ३.७चे ४.५ करताना १.२ व्होल्टचे १.३५ केलेत, तर वेग साधारण २२ टक्के वाढतो आणि वीज दीडपट. परदेशातला माणूस २२ अंशाच्या खोलीत बसून "फक्त ७० अंश" म्हणतो. मुंबईत मे महिन्यात एसीशिवाय त्यावर बारा अंश आणखी धरा. हा प्रोसेसर ९८ला स्वतःला आवरतो, पण ८०च्या आत ठेवलेला बरा. म्हणून बायोसमध्ये दोन प्रोफाइल, पावसाळा-हिवाळ्याला ४५ आणि उन्हाळ्याला ४२. आणि कुणी प्रोसेसरचं धातूचं झाकण उचकटून आतली पेस्ट बदलायला सांगितलं तर ऐकू नका. ते पुढच्या पिढीच्या ३५७०केला लागू पडतं. २५००केचं झाकण सोल्डर केलेलं आहे, पातं घातलंत तर झाकणाबरोबर सिलिकॉनही येईल.

राहिला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधलं वीज पुरवणारं युनिट. 'पाचशे वॉट' लिहिलेला, उचलला तर रिकाम्या डब्याएवढा हलका. मागचं लेबल वाचलं, १२ व्होल्टवर १७ अँपिअर. बारा सतरे दोनशे चार.

"बाकीचे वॉट कुठायत?"

पोराने खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सर, वो फॅन के लाइट में जाता है."