कडा की घाट?

आमच्या घरच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी लाडक्या बहिणीवरून जुंपतेच. यावेळी कोथरूडच्या दादाने लिहिलं, ‘फुकट वाटून वाटून लोकांना आळशी करून ठेवलंय.’ वहिनीच्या माहेरी तिघींना दीड-दीड हजार येतात. तिने नुसता अंगठा पाठवला, तोही खाली वळलेला. मग दादाने मला मध्ये ओढलं. ‘तुमच्या इंग्लंडात असले लाड चालत नसतील.’

चालतात, दादा. माझ्याच खात्यावर लेकीचं चाइल्ड बेनिफिट येतं. पहिल्या मुलामागे आठवड्याला २६.०५ पौंड, हा २०२५-२६चा दर. आईबापांपैकी एकाचं वार्षिक उत्पन्न ६० हजार पौंडांच्या वर गेलं की ते थोडंथोडं परत घेतात, ८० हजारांना संपतं. मीही फुकटीच म्हणायची. अर्थात त्याआधीची वर्षं व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं होतं की सरकारी निधीवर तुमचा हक्क नाही. कर मात्र पहिल्या पगारापासून कापला जात होता.

पण हे नियम मी खऱ्या अर्थाने शिकले ते लेस्टरमधल्या एका सल्ला केंद्रात. दर गुरुवारी तिथे फुकट (दादा, तुझाच शब्द) काम करते. समोर बसणाऱ्यांत निम्म्या गुजराती बा असतात आणि माझं गुजराती दादर-बोरिवली लोकलमध्ये शिकलेलं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं हसण्यातच जातात. प्रश्न ठरलेले. देशातल्या पतसंस्थेतली एफडी धरतात का? धरतात. इथल्या युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याला, बचत सहा हजार पौंडांच्या आत असली तर हात लागत नाही, पुढे टप्प्याटप्प्याने कात्री लागते आणि सोळा हजारांच्या वर दार बंद. गावचं भाड्याने दिलेलं घर? तेही हिशेबात येतं. मंगळसूत्र? नाही धरत. या उत्तराला प्रत्येकीच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो, तो बघायला मी गुरुवारची वाट बघते.

एक बाई मात्र मी विसरत नाही. एका सुपरमार्केटात अर्धवेळ कामाला, घरी अंथरुणाला खिळलेली आई. आठवड्याला पस्तीस तास आजारी माणसाची शुश्रूषा केली तर इथे केअरर्स अलाउन्स मिळतो. २०२४-२५ मध्ये तो ८१.९० पौंड होता आणि अट अशी की आठवड्याची निव्वळ कमाई १५१ पौंडांच्या वर जाता कामा नये. एक पौंड जास्त झाला तरी त्या आठवड्याचे सगळे ८१.९० गेले, कड्यावरून पडावं तसे. या बाईचा पगार एकशे चाळीसच्या आसपास. माणसं कमी होती म्हणून दुकानाने दोन तास वाढवून दिले, तिने सलग चौदा आठवडे ते केले. आठवड्याला वीसेक पौंड जास्त, म्हणजे सगळे मिळून २८० मिळाले. मग वसुलीचं पत्र आलं, साडेअकराशेच्या जवळपास. तिने पगाराच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून आणल्या होत्या, कोपऱ्यात टाचणी मारून. ‘मी काम केलं म्हणून दंड?’ एवढंच तिने विचारलं. कायद्याच्या भाषेत तो दंड नाही, जादा दिलेल्या रकमेची परतफेड आहे. मी तसं सांगितलं आणि सांगताना खाली बघितलं.

अशा हजारो शुश्रूषा करणाऱ्यांवर वसुली निघाल्याचं पुढे गाजलं आणि एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंडांवर नेली. पण तो कडा कड्याच्या जागीच राहिला, नुसता थोडा पुढे सरकला. या भत्त्याचा इतिहासही मासलेवाईक आहे. १९७६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा लग्न झालेल्या बायकांना मिळतच नसे. त्या घरीच असतात, शुश्रूषा करतातच, त्यांना पैसे कशाला द्यायचे? १९८६ मध्ये जॅकलीन ड्रेक नावाची बाई युरोपीय न्यायालयात जिंकली तेव्हा ती अट गेली.

युनिव्हर्सल क्रेडिटचं मात्र वेगळं. त्याला मी घाट म्हणते. आम्ही पाटणचे. कुंभार्लीतून एसटी चिपळूणला उतरते तशी ही रक्कम वळणं घेत उतरते. मूल असलेल्या घराला आधी कमाईचा थोडा भाग माफ असतो. त्यापुढे करकपात होऊन हातात पडणाऱ्या दर पौंडामागे ५५ पेन्स कमी होतात. २०२१च्या अखेरपर्यंत ते ६३ होते. म्हणजे शंभर जास्त कमावले तर पंचेचाळीस तरी उरतात. पंचेचाळीस काही फार नाहीत. शिवाय पहिला हप्ता मिळायला पाच आठवडे लागतात, तोवर मिळते ती उचल आणि ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात. हे काही नंदनवन नव्हे. पण जास्तीचे तास घेऊ का, असं कुणी विचारलं तर ‘घ्या’ म्हणताना जीभ अडखळत नाही.

आता आपल्याकडे बघा. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवं. वर एक रुपया गेला की वर्षाचे १८ हजार गेले. अविवाहित मुलाने कर्जावर जुनी कार घेऊन ओला-उबरला लावली, तरी गेले. ट्रॅक्टर चालतो. पण खरा तुटलेला कडा संजय गांधी निराधारचा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तेव्हा एखादी विधवा हमीचे पूर्ण शंभर दिवस राबली तर २९,७०० व्हायचे. म्हणजे सरकारनेच हमी दिलेलं काम केलं की सरकारच्याच लेखी ती निराधार उरत नाही!

मग होतं काय? गावात सगळ्यांचं उत्पन्न २० हजार असतं, नाहीतर २१. तलाठ्याला माहीत असतं, तहसीलमध्ये माहीत असतं. माणसं खोटारडी आहेत म्हणून नाही. कड्यावर उभ्या माणसाला कुणी विचारलं, ‘एक पाऊल पुढे आहेस का?’ तर तो नाहीच म्हणणार. मग पुढे कधीतरी पडताळणी निघते. जून २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार बहिणींचे हप्ते थांबवले. लाभार्थ्यांत १४ हजारांवर पुरुष निघाले, त्याची चेष्टा झाली. पण नवरा गेलेल्या बाईने ई-केवायसीत नवऱ्याचा आधार कुठून आणायचा, यावर आमच्या ग्रुपवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

दादाचा आक्षेप मी मान्य करते. तो बँकेत होता, त्याला व्यवहार कळतो. ‘तिकडे पगाराचा आकडा मालकाकडून सरकारला आपोआप जातो. इथे ऊसतोडीवाल्याचं उत्पन्न कुणाला कळणार? घाट बांधणार कशाच्या जोरावर?’ बरोबर आहे. पण याचं उत्तर महाराष्ट्राने स्वतःच एकदा दिलंय. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी राज्यभर पोचली, पुढे तिचा कायदा झाला. तिला उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. ज्याला उन्हात खडी फोडायची आहे तो येईल, ही एवढीच पात्रता. आणि लाडक्या बहिणीतच एक बारीकसा उतार आहे, तो कुणाच्या लक्षात येत नाही. किसान सन्मान आणि नमो शेतकरी मिळून जिला महिना हजार मिळतात तिला बाद न करता वरचे पाचशे देतात. एका ठिकाणी जमलं ना? मग निराधारला का नाही? ‘रेवडी वाटता की नाही’ यावर आपण रात्र रात्र भांडतो, पण एक दिवस जास्त कामाला गेली तर तिचं काय होतं, हे त्या भांडणात येतच नाही.

रविवारी पाटणच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. त्यांना निराधारचे पैसे येतात. पडताळणीचा ओटीपी पिंपरीला मुलाच्या मोबाइलवर जातो, तो शिफ्टमध्ये असतो, म्हणून चार दिवस अडकलंय. ते बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. शाळेत खिचडी शिजवायच्या कामाला बोलावलंय, महिना अडीच हजार म्हणतात. ‘बाय, तू तिकडं हेच करतीस ना? जाऊ का मी?’

मी म्हटलं, काकू, दाखल्यावर किती लिहिलंय?

‘वीस.’

मी गप्प बसले. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि त्या म्हणाल्या, थांब, गॅस बारीक करून येते.