गादी सरकलेल्यांना २१ दिवस झोपवणारा संदेश

‘मणक्यातली गादी सरकली असेल तर २१ दिवस पाटावर सपाट झोपून राहा, ती आपोआप जागेवर बसते, पाय बधिर झाला तर घाबरू नका, ती गादी बसत असल्याची खूण आहे, कमरेला पट्टा कायम बांधा, फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक, त्यात पैसे घालवू नका,’ असा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून मी अकरा वर्षे कंबर, मान आणि गुडघ्यांचे रुग्ण तपासते, त्यामुळे असे संदेश मला नवे नाहीत. हा मात्र माझ्या मावशीच्या भिशीच्या गटात आला आणि तिने तो तंतोतंत पाळला.

एकोणिसाव्या दिवशी मावसभाऊ तिला धरून घेऊन आला. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून ऊठ, असे मी सांगितले, तेव्हा तिन्ही वेळा ती अर्ध्यावर उठून पुन्हा खाली बसली. पायात उतरणारी कळ तोवर पुष्कळ ओसरली होती, पण मांड्यांत ताकद उरली नव्हती. इतके दिवस का झोपलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “अगं, हललं तर अजून सरकेल ना!”

ही भीती ‘सरकणे’ या शब्दानेच घातली आहे. गादी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते. तिचे बाहेरचे कडे कमकुवत झाले की आतला मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो, आणि त्याने पायाकडे जाणाऱ्या शिरेला, म्हणजे मज्जातंतूला, त्रास झाला की कळ पायात जाते. बाहेर आलेला हा भाग बहुतेकांच्या बाबतीत शरीर हळूहळू शोषून घेते. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. झोपून राहिल्याने ते लवकर होते का, हे नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकाच्या, म्हणजे अशी कळ पायात उतरणाऱ्या, १८३ रुग्णांवर तपासले आणि १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून एका गटाला दोन आठवडे अंथरुणात ठेवले, दुसऱ्याला तसे बंधन घातले नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, ८७ टक्के, होते. म्हणजे झोपून काढलेल्या दिवसांनी रुग्णांच्या पदरात काहीही जास्तीचे पडले नाही, आणि आमच्याकडे येणाऱ्या रोजंदारीवरच्या माणसाची तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. कळ असह्य असताना एखाद-दोन दिवस गुडघ्यांखाली उशी घेऊन पडून राहण्यास माझी हरकत नाही.

बधिरपणाचे वाक्य मात्र कोणी लिहिले असेल, त्याने एकदा आमच्या विभागात येऊन बसावे. बधिरपणा म्हणजे शिरेवर दाब असल्याची खूण. म्हणूनच आम्ही कापसाने स्पर्श तपासतो, टाचांवर चालायला लावतो, पायाचा अंगठा वर रोखून धरायला सांगतो आणि हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहतो. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे लागते, कारण शस्त्रक्रियेला उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा माणसाला ‘घाबरू नका, झोपून राहा’ असे सांगणे हा निव्वळ गुन्हा आहे.

पट्ट्याबद्दल थोडक्यात: जुनाट कंबरदुखीसाठी तो वापरू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

शेकाचा टोमणा पूर्ण खोटा नाही, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. कित्येक ठिकाणी रुग्णाला पंधरा मिनिटे यंत्राला जोडून, एकही व्यायाम न शिकवता घरी पाठवतात, आणि त्याच तत्त्वांमध्ये अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींनी उपचार करणारे) व टेन्स (त्वचेवरून विजेचे सौम्य स्पंद देणारे) या यंत्रांचीही शिफारस केलेली नाही. तिथे पैसे वायाच जातात. पण तपासणी, समजावणे आणि रुग्णाला झेपेल असा, दर आठवड्याला वाढवलेला व्यायाम हे आमचे खरे काम आहे. मावशीला मी सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीवरून उठणे आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, एवढेच दिले होते. तिसऱ्या आठवड्यात ती एकटी बसने आली.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी निदान बधिरपणाचे वाक्य चुकीचे आहे, एवढे तरी त्याच गटात आजच लिहावे.