पायी चालणारे निकषात बसत नाहीत

समजा, उद्या तुमची एखाद्या रस्ता सुरक्षा समितीवर वर्णी लागली. लागू शकते, इंदूरात कुणाची कुठे लागेल सांगता येत नाही. पहिल्याच बैठकीत तुमच्यापुढे एक अर्ज सरकवला जाईल: अमुक चौराह्यावर पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल बसवावा, खाली कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या थरथरत्या सह्या. घाबरू नका. नाही म्हणायचं हे ठरलेलंच असतं, फक्त ते शास्त्रशुद्ध पद्धतीने म्हणायचं असतं. मला नुकतंच असं एक शास्त्रशुद्ध उत्तर आलं आहे, ‘उक्त स्थल मापदंड पूर्ण नहीं करता’, म्हणून तुमच्या उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगून ठेवतो.

पहिला अर्ज हरवा. पहिला अर्ज हरवायचाच असतो.

दुसरा आला की सर्वेक्षण लावा, आणि ते मे महिन्यात लावा. शाळा बंद, कोचिंगची पोरं गावी, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीत. नियम तुमच्या बाजूने आहेच. रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, तिची १९८५ सालची पुस्तिका आहे, आयआरसी ९३. तिच्यात पायी चालणाऱ्यांच्या नावाने सिग्नल द्यायचा तर अट अशी: दिवसातल्या कुठल्याही आठ तासांत ताशी ६०० गाड्या, मधे रुंद दुभाजक असेल तर १०००, आणि त्याच आठ तासांत सगळ्यात गर्दीच्या ओलांडणीवर ताशी १५० माणसं. गाड्यांची अट आमच्याकडे सकाळचे पोहे संपायच्या आत पुरी होते. घोडं अडतं ते माणसांवर.

आमच्याकडे मोजायला दोन पोरं आली होती. चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली बसली. एकाच्या मांडीवर कागद, त्यावर दोन रकाने: पैदल, वाहन. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तेवढ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या. समोरच्या बाजूला दत्ताचं देऊळ आहे, तिथं जायचं असतं त्यांना. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पदर खोचून काठावर उभ्या राहिल्या, एक पाय खाली ठेवला, बुलेट गेली, पाय मागे घेतला. पुन्हा ठेवला, स्कूलव्हॅन, पुन्हा मागे. असं बराच वेळ चाललं. मग नेहमीप्रमाणे त्यांनी ई-रिक्शाला हात केला. ती रिक्शा पुढच्या चौराह्यापर्यंत जाते, तिथून वळते आणि त्यांना देवळापाशी सोडते. समोरच्या फूटपाथवर जायचे दहा रुपये. पोराने काय केलं असेल? ‘वाहन’च्या रकान्यात एक रेघ मारली! मी म्हटलं, अरे, त्या बाईंना पायी जायचं होतं. तो म्हणाला, “अंकल, गई तो रिक्शा से ना?”

चुकलं कुठे त्याचं? बरोबरच आहे. काकू पादचारी राहिल्याच नाहीत, त्या ट्रॅफिक झाल्या. ज्या पोराचा हात आई रस्त्यापलीकडच्या मैदानापर्यंत सोडत नाही म्हणून ते पोर मोबाईल घेऊन घरात बसतं, त्याला रकाना नाही. समोरची भाजी ताजी असून अलीकडची शिळी घेणाऱ्या बाईला रकाना नाही. ‘नको रे, कोण ओलांडेल’ म्हणून संध्याकाळचं फिरणं बंद केलेल्या आजोबांना रकाना नाही, ते गॅलरीत बसून गाड्या बघतात. रस्ता जेवढा जीवघेणा, तेवढे ओलांडणारे कमी. ओलांडणारे कमी, म्हणजे सिग्नलची गरज नाही. गरज नाही, म्हणजे रस्ता छान आहे. एकदा का लोक घाबरले की तुमचं काम झालं. वर अहवालात लिहायला मोकळे: इथे पादचारी वर्दळ नगण्य! नगण्यच असणार हो, वर्दळ करायला जिवंत राहावं लागतं!

असो. सल्ला राहिला बाजूला.

एक सूत्र मात्र अर्जदाराच्या हाती लागू देऊ नका. पादचाऱ्यांच्या सोयींवर त्याच संस्थेची दुसरी पुस्तिका आहे, आयआरसी १०३. तिच्या १९८८ च्या आवृत्तीत म्हटलं होतं की गर्दीच्या तासातली माणसं गुणिले गाड्यांच्या संख्येचा वर्ग, हे जर दहा कोटींच्या वर गेलं तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओलांडणीची सोय हवी. दिसायला गाड्यांचाच मान मोठा, त्यांचा वर्ग आणि माणूस आपला एकेरी. पण गणित करून बघा. ताशी हजार गाड्यांना शंभर माणसं लागतात, दोन हजार गाड्यांना पंचवीसच पुरतात. म्हणजे गाड्या वाढल्या की थोड्या माणसांचीसुद्धा किंमत वाढते. भलतंच! कुणी हे काढलंच तर गंभीर चेहऱ्याने सांगा, ते दोन चौकांच्या मधल्या जागेसाठी आहे, चौकासाठी नाही. खरंच तसं आहे, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

अपघातांचं विचारलं तर आणखी सोपं. आयआरसी ९३ ची अट आहे बारा महिन्यांत पाच अपघात, सिग्नलने टळले असते अशा जातीचे आणि मुख्य म्हणजे नोंदलेले. आपल्याकडे नोंदवतं कोण? मोपेडने पोराला उडवलं, दोन्ही बाजूंचे लोक जमले, “जाने दो भिया, बच्चा ठीक है”, हळदीचं दूध, प्लॅस्टर, मिटलं. फाइल कोरी. तेव्हा धीर धरा, आधी पाच जणांना नीट, रीतसर, पोलिस ठाण्यात जाऊन पडू द्या.

इतिहास विचारला तर लंडन सांगा. जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल तिथे १८६८ साली पार्लमेंटपाशी उभा राहिला, गॅसच्या दिव्याचा. कशासाठी? खासदारांना घोडागाड्यांमधून पायी पलीकडे जाता येईना म्हणून. महिनाभरात त्याचा स्फोट झाला ते सोडा. मुद्दा कळला ना? आपल्या चौराह्यावरून कुठला खासदार, आमदार किंवा पार्षद पायी जातो का, एवढंच तपासा. जात नसेल तर विषय संपला.

दाबायचं बटण बसवा, तारा जोडू नका.

झेब्रा पट्टे मात्र जरूर रंगवा, उद्घाटनाला फोटो चांगला येतो.

आणि सगळ्यात हुकमी वाक्य: “सिग्नलने जाम लागेल.” याच्यापुढे कुणी बोलत नाही. किराणावाला मान डोलवतो, रिक्शावाला मान डोलवतो, परवा स्वतः अर्जावर सही केलेले गृहस्थही मान डोलवतात, कारण ते आता कारमध्ये बसलेत. मग एखादा इंजिनियर पुस्ती जोडतो की नको तिथे सिग्नल बसवला तर लोक तो तोडतात आणि मागून धडकण्याचे अपघात वाढतात.

हे शेवटचं म्हणणं खोटं नाही, म्हणूनच जास्त राग येतो. सिग्नल हा एकच उपाय आहे असं आम्ही कुठे म्हणालो? नसेल बसत निकषात, तर रस्त्याच्या मधोमध थांबायला चार फुटांचं बेट द्या. ओलांडणीचा पट्टा फूटपाथच्या उंचीवर उचला, गाडीला आपोआप हळू व्हावं लागतं. कोपरा आवळा, म्हणजे फ्री लेफ्टवाला गोफणीतल्या दगडासारखा येणार नाही. यातल्या कशासाठी आठ तास रेघा मारत बसायचं? पण मला आलेल्या उत्तराच्या पत्रात यातलं काही नाही. एक ओळ आणि शिक्का.

२०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आमच्या फूटपाथवर हा हक्क स्टँडवर लावून उभा आहे, हँडल लॉक करून.

आणि फक्त साहेब लोकांना शिव्या घालून तुम्ही सुटू नका. मोटार वाहन चालवण्याचे २०१७ चे नियम सांगतात की सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर गाडीने हळू व्हायचं, थांबायचं, पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं. थांबता तुम्ही? हे शहर २०१७ साली स्वच्छतेत पहिलं आलं आणि नंतर येतच राहिलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, रस्त्यावर कागद टाकणाऱ्याला तुम्ही स्वतः हटकता, पाहुण्यांना कौतुकाने सांगता. म्हणजे शिकता येतं तुम्हाला, दंड बसला आणि मनात आलं की सगळं येतं. मूनवॉक करत गाड्या थांबवणारा हवालदार देशभर गाजला तो आपल्याच इंदूरचा, पण प्रत्येक चौराह्यावर नाचून दाखवल्याशिवाय तुम्ही थांबणारच नाही का?

काकूंनी हात वर केला होता, उजवा, पंजा तुमच्याकडे करून. तुम्ही ब्रेक नाही दाबलात, हॉर्न दाबलात. कुठे पोहोचायचं होतं एवढं, छप्पन दुकानला खायला? पांढऱ्या पट्ट्यामागे थांबा. हॉर्नवरचा अंगठा काढा. बाई रस्त्यात आहे, दिसत नाही का?