गाळणीतले हिरवे खडे

गेल्या रविवारी मावशीने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. चहाच्या जुन्या गाळणीत बोराएवढे हिरवट गोळे, आणि खाली ‘ऑपरेशन वाचलं!’ त्यावर धडाधड हात जोडलेले सतरा इमोजी.

पित्तखडे घरीच पाडायचा हा फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेला असेल. पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा रस. सहाव्या दिवशी रात्रीचं जेवण बंद, संध्याकाळी सहाला आणि आठला एप्सम सॉल्ट (जुलाबाचं मीठ), दहाला अर्धा कप ऑलिव्ह तेल अर्ध्या कप लिंबाच्या रसात. सकाळी पित्ताशयातले खडे शौचावाटे बाहेर! मावशीला मधुमेह आहे. पाच दिवस चार-चार ग्लास फळांचा रस प्यायली ती. फोनवर मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ते गोळे. बाहेर काहीतरी पडतं, हे खरंच आहे. म्हणून तर लोक फसतात. २००५ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशीच एक केस छापली होती. चाळिशीची बाई, सोनोग्राफीत बारीक खडे, वैदूच्या सांगण्यावरून हाच तेल-लिंबाचा उपाय. तिने पडलेले ‘खडे’ जपून ठेवले आणि डॉक्टरांना दाखवले. ते तपासल्यावर त्यात ना कोलेस्टेरॉल सापडलं, ना बिलिरुबिन, ना कॅल्शियम. ४० अंशांवर दहा मिनिटं ठेवले तर वितळून हिरवं तेल झालं. म्हणजे नागपुरात एप्रिलच्या दुपारी ओट्यावर ठेवले असते तरी विरघळले असते! पोटात तेलातली स्निग्धाम्लं सुटी होतात, लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी त्यांचा संयोग होतो आणि साबण तयार होतो. मावशीच्या गाळणीत होता तो साबण. त्या बाईचे खरे खडे पित्ताशयातच होते, ते शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन करूनच काढावे लागले.

‘मुतखडा पडतो, मग पित्तखडा का नाही?’ हा मावशीचा प्रश्न. एखादा बारीक खडा सरकतो, नाही असं नाही. पण घोळ तिथेच आहे. तेल पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, खडा नळीत जाऊन अडकू शकतो. मुख्य पित्तनलिका साधारण सहा मिलिमीटर रुंद, मावशीचा खडा १४ मिलिमीटरचा. बारीक खडा तर जास्त दगाबाज, खाली सरकून अडकला की कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. तेव्हा मात्र मध्यरात्री गाडी काढावी लागते आणि फॉरवर्ड पाठवणारा फोन उचलत नाही.

‘पित्ताशय काढलं की पचन संपलं,’ ही ऑपरेशनची नेहमीची भीती. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात नुसतं साठतं. घोड्याला पित्ताशय नसतंच. बर्लिनच्या कार्ल लांगेनबूख या सर्जनने १८८२ मध्ये पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं. त्याआधी नुसते खडे काढत आणि ते पुन्हा होत. त्याचं म्हणणं होतं की पित्ताशय काढायचं ते त्यात खडे आहेत म्हणून नाही, ते खडे तयार करतं म्हणून. सोळा वर्षं त्रास काढलेला त्याचा पेशंट दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता. आपल्याकडे दुर्बिणीतून हे ऑपरेशन पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जेजेत डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं.

‘खड्यांमुळे कॅन्सर होतो,’ असंही फॉरवर्ड सांगतो. यात अर्धं खरं आहे, म्हणून राग जास्त येतो. पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतात. उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगेकाठच्या पट्ट्यात हा कॅन्सर बराच आढळतो. पण खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, आणि साबण पाडून तर तो मुळीच टळत नाही. फॉरवर्ड पुढे म्हणतो, कॅन्सर हा कधीच पहिला आजार नसतो. हे कुणी ठरवलं?

हेही मान्य करते की खडे दिसले की लगेच चाकू, असं नसतं. त्रास नसेल तर बऱ्याचदा सर्जनच थांबायला सांगतात. मावशीला मात्र जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीपर्यंत जाते. आपण सगळ्यालाच ‘पित्त झालं’ म्हणतो, त्यामुळे तीन वर्षं ती ॲसिडिटीच्या गोळ्या घेत होती.

बुधवारी तिला सोनोग्राफीला नेलं. खडा तिथेच, १४ मिलिमीटर. रिपोर्ट ग्रुपवर टाकला तर एकच उत्तर आलं: ‘मशीन जुनं असेल.’