आयकराच्या अपिलाची तयारी: कास्तकारांसाठी मार्गदर्शन

राजेहो, नोटाबंदीत कापसाचे चुकारे बँकेत भरणाऱ्या तमाम कास्तकारांचे अभिनंदन! त्या पैशावर आयकराच्या साहेबानं कर लावला, त्याविरुद्धचं आमच्या घरचं पहिलं अपील परवा ‘अपीलकर्त्याने प्रतिसाद दिला नाही’ एवढ्यावर फेटाळलं गेलं. तुमचीही पाळी येऊ शकते, म्हणून ही तयारी सांगून ठेवतो.

पीक विकताना दूरदृष्टी ठेवा. खेडा खरेदीवाला वावरात काटा लावून नगदी मोजू लागला की म्हणा, ‘भाऊ, पक्की पावती, पॅन नंबर अन् शपथपत्र दे, काही वर्षांनी साहेबाला दाखवायचं आहे.’ तो गाडी पुढच्या गावाला नेईल. नेऊ द्या.

ई-मेल रोज पाहा, नोटीस तिथं येते. लाईन नसली तरी पाहा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे विसरा. कायद्यात ते आहे, पण सातबाऱ्यावर कपाशी आहे म्हणून घरात कापसाचा पैसा आहे, एवढा सरळ विचार साहेबाला झेपत नाही. त्याला ‘स्रोत’ लागतो. तो पटला नाही की नोटाबंदीच्या वर्षासाठी 60 टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, मिळून 77 टक्क्यांच्या पुढे. बोंडअळी परवडली.

अन् अपील चालू असताना वसुली थांबवायची असेल तर मागितलेल्या कराचे साधारण 20 टक्के आधी भरा.

आता वरचं दार: आयकर अपिलीय न्यायाधिकरण. 25 जानेवारी 1941 ला इंग्रजांनी सुरू केलं. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता अशी तीन खंडपीठं आणि सहा सदस्य. त्याआधी कर लावणाऱ्याच्याच वरिष्ठाकडे दाद मागायची, म्हणजे त्यांचाच पाटील अन् त्यांचाच पंच. इंग्रजालाही त्याची लाज वाटली असावी. आज हे न्यायाधिकरण अर्थखात्याखाली नाही, विधी खात्याखाली आहे. बाकावर एक कायद्याचा आणि एक हिशेबाचा सदस्य बसतो. खंडपीठ नागपुरातही आहे. ब्रीदवाक्य ‘निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय’. त्यातला ‘सुलभ’ अनुभवायचा तर पहाटेची एसटी धरा.

फीची चिंता नको, 500 ते 10,000 रुपये. मात्र ती तुमच्या खऱ्या उत्पन्नावर नाही, साहेबानं तुमच्या नावावर कल्पिलेल्या उत्पन्नावर ठरते. त्यानं तुम्हाला जितकं श्रीमंत केलं, तितकी फी (दहा हजारांपर्यंत) जास्त.

तिथं गेलात की सगळे कागद न्या. चुकाऱ्याची चिठ्ठी, बाजार समितीची पट्टी, पेरेपत्रक, सोसायटीचं कर्ज, सगळं. कारण वस्तुस्थितीचा शेवटचा शब्द न्यायाधिकरणाचा. पुढं उच्च न्यायालय पाहील तो फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न. तुमच्या वावरात किती क्विंटल झाला, हे पुन्हा मोजणार नाही.

पण नागपूरच्या बाकापर्यंत ही गोष्ट जातेच कशाला? खालीच कोणी सातबारा उघडून पाहिला असता तर? नोटीस बजावली म्हणतात. कुठं बजावली? रिटर्न भरून देणाऱ्या नेटवाल्या पोराच्या ई-मेलवर! तो पोरगा कधीचा पुण्याला कंपनीत गेला. नोटीस इंग्रजीत, उत्तर पोर्टलवर, पोर्टल ओटीपीवर, ओटीपी टॉवरवर, अन् टॉवर, तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं अपील ऑनलाईनच चालतं, समोर माणूसच नाही. कोणाला दाखवू हातावरचे घट्टे?

अन् कायदा काय सांगतो? 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की अपील करणारा हजर नाही एवढ्यानं पहिलं अपील ऐकणारे आयुक्त ते फेटाळू शकत नाहीत, गुणवत्तेवर निकाल द्यावा लागतो. तरी असे आदेश निघतातच. मग न्यायाधिकरण ती फाईल ‘पुन्हा ऐका’ म्हणून खाली पाठवतं, अन् कास्तकार पुन्हा त्याच पोर्टलसमोर उभा.

सत्तेचाळीसच्या आधीच्या सरकारनं निदान समोर बसून ऐकणारं कोणीतरी नेमलं होतं. आताच्या सरकारा, तुम्ही पहिल्या पायरीवरचा माणूसच काढून घेतला. निकाल लिहिता ना, मग फाईल वाचा. नोटीस मराठीत काढा, कागदावर काढा, घरी पाठवा. आमच्या गावात पोस्टमन अजून येतो.