काल संध्याकाळपर्यंत धावत होती

लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं बोलणं झालं होतं. मॉडेल रेल्वेचा विषय मात्र कोणीच काढला नाही. काढणार कसा, नवऱ्याला हा नाद लागला तो लग्नानंतर, आणि तोही पुण्यात. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे आम्ही मुलाला दाखवायला म्हणून गेलो होतो. मुलाला थोड्याच वेळात भूक लागली. नवऱ्याला संध्याकाळपर्यंत लागली नाही. नागपूरला परतल्यावर आमच्या मधल्या खोलीत आठ बाय चारचं प्लायवुड उभं राहिलं, पाहुण्यांची गादी माळ्यावर गेली आणि पाहुण्यांना हॉलमधल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपायची सवय झाली.

या नादाची माणसं गावोगावी पांगलेली असतात आणि रात्री बारानंतर एकमेकांना चाकांचे फोटो पाठवतात, इथपर्यंत मला माहीत होतं. ती एकत्र जमून संमेलनसुद्धा भरवतात हे मला कळलं ते यंदाचं संमेलन नागपुरात ठरल्यावर. आणि ठरलं कधी, तर एप्रिलमध्ये. का, तर मुलांना सुट्या असतात. आलेल्या पाहुण्यांत एकाचंही मूल शाळेत जाणारं नव्हतं. बऱ्याच जणांची नातवंडं कॉलेजात होती.

पहिला दिवस हॉलमध्ये गेला. सकाळच्या भाषणात कळलं की अमेरिकेत या लोकांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली मिलवॉकीत स्थापन झाली. वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं आणि डबे एकमेकांच्या रुळांवर चालावेत म्हणून तिनं मापं ठरवून दिली. संमेलनाला गेलं की सभासदांच्या घरी जाऊन त्यांचे लेआउट, म्हणजे रुळांसकट मांडलेले देखावे, पाहायचे, ही तिकडची पद्धत. त्यासाठी तिकडे बस ठरवतात म्हणे. आमच्याकडे नवऱ्यानं हात वर करून आमची गाडी देऊन टाकली, आणि गाडीबरोबर मला. कारण जुन्या महाल भागातल्या गल्ल्यांतून गाडी काढणं त्याला जमत नाही.

दुपारच्या सत्रात भांडण झालं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर; आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. एचओ या मापात सगळं १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, त्या हिशेबानं छोटे रूळ १९.२६ मिलिमीटर अंतराचे हवेत. बाजारात मिळतात ते साडेसोळाचे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेले असतात. म्हणजे भारतातली एकूण एक छोटी ब्रॉडगेज पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभी असते. एका गटाचं म्हणणं, एवढं चालायचंच. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मग चावीची गाडीच आणा की जत्रेतून. या पावणेतीन मिलिमीटरपायी साठी ओलांडलेले दोन गृहस्थ जेवताना एकमेकांकडे पाठ करून बसले, आणि त्यातल्या एकाचं ताट दुसऱ्याच्या बायकोनं वाढून आणलं होतं.

नागपूरकर तेवढे निवांत होते. आपली जुनी छिंदवाड्याची आणि नागभीडची लाइन नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. ८७ने भागलं की येतात ८.७६, आणि एन स्केल या आणखी लहान मापाचे तयार रूळ मिळतात ९ मिलिमीटरचे. "पाव मिलिमीटरही फरक नाही पडत," महालातले एक आजोबा मला समजावून सांगत होते. "जिंदगीत पहिल्यांदा विदर्भावर अन्याय नाही झाला पहा." मग चष्मा पुसत म्हणाले, खरी गाडी मात्र बंद केली, छिंदवाड्याची २०१५ला आणि नागभीडची २०१९ला. आता ते वरचेवर मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जाऊन बसतात. तिथे इंजिन आहे, ते कुठे जात नाही, आणि आजोबांनाही कुठे जायचं नसतं.

हॉलच्या मागच्या बाजूला विक्रीचे स्टॉल होते. तिथे मला आमचंच इंजिन दिसलं. म्हणजे आमच्या घरी आहे तेच, त्याच रंगाचं, तोच आकडा लिहिलेलं. नवऱ्यानं ते आणलं तेव्हा किंमत 'दोन-अडीच' सांगितली होती. स्टॉलवरच्या चिठ्ठीवर २८,००० होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शेजारच्या स्टॉलवरची रबराची झाडं इतक्या बारकाईनं पाहत होता की विक्रेत्यानं त्याला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना डायमंड क्रॉसिंग दाखवायला नेलं. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम धावणारे रूळ आपल्या गावात एकमेकांना छेदून जातात, याचा नागपूरकराला संत्र्याइतकाच अभिमान. कुंपणाबाहेर टोप्या घालून उभी असलेली ती मंडळी पाहून शेजारच्या पानठेल्यावाल्यानं विचारलं, "काही झालं काय बाप्पा?" पाहुण्यांपैकी एकानं तिथेच, भर उन्हात, हे तांत्रिकदृष्ट्या खरं डायमंड नव्हेच असं सिद्ध करून दाखवलं. मठ्ठ्याचे ग्लास फिरले तेव्हा त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

आणि मग घरं.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या की घरोघरी जाऊन आरास पाहायची, वाखाणायची आणि हातावर पडेल ते खायचं असतं, तसाच हा कार्यक्रम असेल अशी माझी समजूत होती. फरक एवढाच निघाला, की महालक्ष्म्या निदान जागच्या हलायच्या नसतात.

पहिलं घर धरमपेठेतल्या एका डेंटिस्टचं. त्यांनी गच्चीवरच्या खोलीत अख्खा सातपुडा उभा केला होता. डोंगर दातांच्या मापाच्या प्लास्टरचे. जवळून पाहिलं तर एका सुळक्यावर कुणाच्या तरी दाढेचा ठसा होता. मधोमध डायमंड क्रॉसिंग. डॉक्टरांनी बटण फिरवलं, इंजिननं एक गचका दिला आणि सगळं बंद पडलं.

"काल संध्याकाळपर्यंत चांगली धावून राह्यली होती," डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं, आता सगळे हळहळतील. पण झालं भलतंच. इतका वेळ भिंतीला टेकून उभे असलेले पाहुणे एकदम ताजेतवाने झाले. दोघं टेबलाखाली शिरले. एकानं खिशातून वीज तपासायचं मीटर काढलं, खिशातून! दोन रुळांतून वीज येते, एक धन, एक ऋण. रूळ एकमेकांना छेदतात तिथे धन आणि ऋण गाठ घेणारच, म्हणून मध्ये बारीक फटी ठेवून ते तुकडे वेगळे राखावे लागतात. उन्हानं फट मिटली की शॉर्टसर्किट. हे सगळं मला टेबलाखालून आलेल्या आवाजांतून कळलं. कालचे पाठमोरे दोघे आता एकाच टॉर्चच्या उजेडात डोक्याला डोकं लावून बसले होते. डॉक्टरांच्या बायकोनं मला आत नेऊन पन्हं दिलं आणि म्हणाली, "आता यायला तासभर लागते. तुमच्याकडे किती फुटाचा आहे?"

त्रिमूर्तीनगरच्या निवृत्त बँकवाल्यांकडे कारण वेगळं होतं, वाक्य तेच. काल संध्याकाळपर्यंत धावत होती. खिडकीत भला मोठा कूलर, आणि कूलरसमोर प्लायवुड. कूलर लावला की प्लाय फुगतं, बंद केला की आखडतं, आणि रूळ दोन्ही वेळा वाकडे. त्यांनी त्यावर इलाज काढला होता. खऱ्या रेल्वेत उन्हाळ्यात रुळांवर गस्त घालतात, म्हणून त्यांनी नातवाला दहा रुपये रोजावर गँगमन नेमलं होतं. तो दर तासाला भिंग घेऊन फेरी मारायचा. आम्ही गेलो त्या दिवशी गँगमन संपावर होता. त्याला वीस हवे होते.

मनीषनगरच्या फ्लॅटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तिथे नागपूर आणि अजनी या दोन स्टेशनांमध्ये दीड फूट अंतर होतं. खरं अंतर साधारण ३ किलोमीटर, १:८७नं सुद्धा ते चौतीस मीटर होतं, आणि तेवढी बाल्कनी बिल्डर देत नाही. त्यांची विदर्भ एक्स्प्रेसही चारच डब्यांची होती. एक डबा पाऊण-एक फुटाचा पडतो, त्यामुळे पूर्ण गाडी लावली तर गार्डाचा डबा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहील. काल संध्याकाळपर्यंत तीही धावत होती.

महालातल्या आजोबांच्या वाड्यात मात्र मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन काहीतरी पाहिलं. नॅरोगेजचं इंजिन माझ्या करंगळीएवढं. ते अडखळत होतं. आजोबांनी घाई केली नाही. एक टिश्यू पेपर घेतला, त्यावर दवाखान्यात सुईआधी लावतात त्या वासाचं अल्कोहोल शिंपडलं, तो कागद रुळांवर आडवा अंथरला आणि इंजिन असं ठेवलं की अर्धी चाकं उघड्या रुळावर, अर्धी कागदावर. करंट दिला. कागदावरची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि पांढऱ्या कागदावर काळ्याकुट्ट, तेलकट अशा दोन बारीक रेघा उमटल्या. मग इंजिन उलट फिरवून दुसरी बाजू. आम्ही सगळे वाकून त्या रेघा पाहत होतो. "केवढी घाण निघाली," कोणीतरी तृप्त आवाजात म्हणालं. आतून आजी ओरडल्या, "सत्यनारायणाला चौरंग मांडायला जागा नाही घरात, अन् हे इंजिनाची मालिश करून राह्यले!"

शेवटचं घर आमचं.

मी आदल्या रात्रीच चिवडा केला होता. तर्री तयार होती, पोहे भिजवायचेच बाकी होते. तास-दीड तास तरी मंडळी टेबलाखाली असणार असा माझा हिशेब. नवऱ्यानं घसा साफ केला, बटण फिरवलं आणि आमची गाडी सुटली. गचका नाही, ठिणगी नाही. सांधा बदलला, ती दुसऱ्या लाइनवर गेली, बोगद्यातून बाहेर आली, अगदी वेळेवर. अठ्ठावीस हजारांचं इंजिन, धावायला काय झालं!

मंडळी पाहत उभी होती. गाडी परत आली, परत गेली. कोणीतरी म्हणालं, "छान." आणखी एक फेरी झाली. एकानं घड्याळ पाहिलं. मीटरवाल्यानं खिशाकडे नेलेला हात परत आणला आणि अदबीनं विचारलं, "वहिनी, मिक्सर वगैरे काही बिघडलंय का घरात?" चार-पाच मिनिटांत खोली रिकामी झाली आणि सगळे हॉलमध्ये पोह्यांची वाट बघत बसले, जे मी अजून भिजवलेही नव्हते. आतल्या खोलीत नवरा एकटाच, त्याची गाडी मुकाट फिरतेय.

रात्री तो काही बोलला नाही. सकाळी मधल्या खोलीतून सोल्डरिंगचा धूर येत होता. जाऊन पाहिलं तर बोगद्याजवळचा चांगला चालता सांधा उचकटून ठेवलेला, आणि वायरी मोकळ्या.

पुढच्या महिन्यात मुंबईचे दोघं मुद्दाम आमच्याकडे येणार आहेत. तोपर्यंत जोडू नका, असं त्यांनी फोनवर बजावलंय. माळ्यावरून गादी काढून ठेवायला नवऱ्यानं मला आत्ताच सांगितलं आहे; ती टाकायची कुठे, ते मात्र सांगितलेलं नाही.