भाजी संपली होती

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. चुलीपुढे बसलेली नऊवारीतली बाई, मांडीवर ताट. खाली लिहिलेलं, घरातले सगळे जेवले की मग जेवते ती आई, ताटात उरलंसुरलं असतं पण चेहऱ्यावर तृप्ती असते. दुपारपर्यंत त्याखाली चाळीसेक जणांनी हात जोडले होते. माझ्या सख्ख्या काकांनी "शतशः नमन" लिहिलं. मी तिथे काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते आईच्या कानावर गेलं असतं आणि तिला वाईट वाटलं असतं. म्हणून इथे लिहितेय.

ती तृप्ती मी रिपोर्टवर वाचली आहे. हिमोग्लोबिन ६.८.

चार वर्षं झाली. मे महिना, आपलं नागपूरचं ऊन. आई पोळ्या लाटता लाटता ओट्याजवळ खाली बसली ती उठलीच नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, ऊन लागलं. बाबांनी तळपायाला कांदा चोळला, वहिनीने पन्हं केलं, कूलर ओढून तोंडासमोर लावला. बरं, आई त्या आठवड्यात उन्हात गेलीच नव्हती! जिना चढताना लागणारी धाप, पांढरे पडलेले ओठ, रात्री पायात येणारे गोळे, हे आम्ही वर्षभर "वय झालं आता" म्हणत पाहत होतो. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. बाईमाणसाचं १२ च्या वर हवं, तिचं ६.८. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आतून कुठे रक्त जातंय का म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शरीरात लोह नाही, बी-१२ नाही, एवढंच.

मग आहारतज्ज्ञ बाई आल्या. त्या विचारत होत्या, मी शेजारी बसून लिहून घेत होते. "काकू, घरी असताना शेवटच्या दिवशी काय काय खाल्लं?" सकाळी चहा. दहाला चहा आणि रात्रीची पोळी. दुपारी भात, त्यावर रस्सा. "भाजी?" "भाजी संपली होती." "त्याच्या आदल्या दिवशी?" "आदल्या दिवशी उपास होता बाई." "आणि त्याच्या आधी?" आई आठवत राहिली. मग म्हणाली, "तवाही संपलीच असन."

त्या दिवशी मी माहेरी होते. डाळभाजी होती. मी दोनदा घेतली होती.

आमच्याकडे खायची कमतरता होती असं कुणी समजू नका. बाबा दर रविवारी कॉटन मार्केटमधून दोन थैल्या भरून भाजी आणत. उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात अंबाडी, थंडीत तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याची कोवळी भाजी. बरणीत जवसाची चटणी कायम. ज्वारीची भाकर, वरण, ताक. हल्ली लोक पैसे मोजून ज्याचा तक्ता लिहून घेतात, ते आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की दिवसभराच्या ताटात निम्मा भाग भाज्या आणि फळांचा हवा. आमच्या प्रत्येकाच्या ताटात तो असायचा. आईच्या ताटात नसायचा.

रविवारी तर्री पोहे व्हायचे. आई शेवटी यायची तेव्हा पातेल्यात तर्री असायची, चणे नसायचे. चणे आम्ही भावंडांनी पळीने तळ ढवळून काढलेले असायचे. हिवाळ्यात संत्री यायची. ती सोलायची, बिया काढून एकेक फोड आमच्या हातावर ठेवायची, आणि साली गच्चीवर वाळवायला न्यायची, उटण्यासाठी. आज मला आठवून आठवून आठवत नाही की आईने कधी एक अख्खं संत्रं खाल्लं असेल. नागपुरात राहून! जेवण झाल्या झाल्या पुन्हा चहा, कारण तोवर ती दमलेली असायची. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही आणि भाजीवर लिंबू पिळलं की जास्त लागतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. त्याआधी वीस वर्षं आम्ही तिला म्हणत होतो, "आई, चहा टाक ना, तुझ्यासाठीपण टाक."

आणि याला तुम्ही नमन करता?

देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, पुरुषांत हेच २५. सरकारच्याच पाहणीत आहे, २०१९-२१ च्या. आता कुणीतरी येऊन सांगेल, पाळी असते, बाळंतपणं असतात. असतात, मान्य. मग तिच्या ताटात जास्त पडायला हवं होतं ना? कमी का पडलं?

संतुलित आहार महाग पडतो, हेही मान्य. ज्या घरात दूध आणि डाळच मोजून येते तिथे मी कुणाला काय शिकवणार. पण त्या घरातही कढई पुसून कोण जेवतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आमच्यासारख्या घरात तर पैशाचा प्रश्नच नव्हता. एक वाटी भाजी आधी काढून ठेवायला काय लागतं? झाकण. एक झाकण लागतं.

"ती ऐकतच नाही" हे मीही खूप वर्षं म्हटलं. आई खरंच ऐकत नाही. "उरलं तं फेकून देऊ काय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. मीही चिडायचे तिच्यावर, दवाखान्यातसुद्धा चिडले. तिसऱ्या रात्री झोप येत नव्हती तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा इतवारीतल्या त्या घरात चौदा माणसं. पहिल्याच महिन्यात एकदा तिने भाजी मागितली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. कढई उचलून तिरपी करून दाखवली. "मंग नाही मागितली मी," आई म्हणाली, आणि कूस बदलली.

सासूबाई म्हणजे माझी आजी. मला मांडीवर घेऊन तूप-मेतकूट-भात भरवणारी. तिच्यावर मला रागावताही येत नाही. तिला कुणी कढई दाखवली असेल कुणास ठाऊक.

हे सगळं मी फोटोवरूनच लिहायला बसले असते तर कदाचित दोन ओळींत थांबले असते. पण आज दुपारी आणखी एक गोष्ट झाली. मुलं जेवली, नवऱ्याचा डबा गेला होता, मी भात आणि लोणचं घेऊन बसले. लेक पाणी प्यायला आली, ताटाकडे पाहून म्हणाली, "आई, तुला भाजी?" आणि माझ्या तोंडून गेलं, "संपली."

संपली नव्हती. मेथी होती, वाटीभर. मुलाला रात्री आवडते म्हणून मी ती फ्रिजमध्ये ठेवली होती. लेक चौदा वर्षांची आहे. तिने मान हलवली आणि निघून गेली, जणू हे असंच असतं.

मी उठले, वाटी काढली, गरमही केली नाही, तशीच खाल्ली. मग तिला हाक मारून सांगितलं की मी खोटं बोलले. ती म्हणाली, "इतकं काय त्यात?" मला रडू आलं, तिला कळलं नाही का ते.

आईचं आता ११ च्या वर आहे. गोळ्या आहेत, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, बाबा रोज संध्याकाळी तिला फळ कापून देतात आणि ती संपवेपर्यंत समोर बसतात. तरी ती त्यातल्या दोन फोडी माझ्या भाच्यासाठी झाकून ठेवतेच.

उद्या रविवार आहे. मी लेकीला घेऊन माहेरी जातेय. पोहे मी करणार, तर्री लेक करणार. पहिली प्लेट आईची. चणे तळातून काढून.